मेनूकार्डावरील नाव आणि ताटातील पदार्थ

उपाहारगृहात बसलेल्या ग्राहकाला स्वयंपाकघर दिसत नाही. त्याच्यासमोर असते ते केवळ मेनूकार्ड. त्यावर 'चीझ', 'पनीर', 'साजूक तूप' किंवा 'ताजे' असे लिहिलेले असेल, तर त्या शब्दावर विश्वास ठेवून तो पैसे मोजतो. हा शब्द ताटातील पदार्थाशी जुळत नसेल तर काय होते? कायद्याच्या दृष्टीने मेनूकार्डावरील नाव कितपत बंधनकारक असते? आणि ते खरे की खोटे, हे ठरवतो कोण? महाराष्ट्रातील एक गाजलेले प्रकरण आणि म्हैसूर येथील एका प्रयोगशाळेचे काम यांच्या आधारे या प्रश्नांची उत्तरे शोधता येतात.

अहमदनगर येथील प्रकरण

२०२३ च्या अखेरीस महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने अहमदनगर शहरातील मॅकडॉनल्ड्सच्या एका उपाहारगृहाची तपासणी केली. (या शहराचे नाव २०२४ मध्ये अधिकृतपणे अहिल्यानगर करण्यात आले.) तेथील काही पदार्थांच्या नावात 'चीझ' हा शब्द आहे, प्रत्यक्षात मात्र चीझसदृश पर्यायी पदार्थाचा वापर होतो आणि याची माहिती ग्राहकाला फलकावर दिली जात नाही, असा आक्षेप प्रशासनाने घेतला. किमान आठ पदार्थांविषयी हा आक्षेप होता. कंपनीला कारणे दाखवा नोटीस बजावण्यात आली.

पश्चिम व दक्षिण भारतात ही उपाहारगृहे वेस्टलाइफ फूडवर्ल्ड ही कंपनी चालवते. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने काही पदार्थांची नावे बदलल्याचे प्रशासनाला कळवले. 'चीझी नगेट्स'चे 'व्हेज नगेट्स' झाले, 'कॉर्न अँड चीझ बर्गर'चे 'अमेरिकन व्हेज बर्गर' झाले आणि 'ब्लूबेरी चीझकेक' केवळ 'ब्लूबेरी केक' राहिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये हे वृत्त देशभर प्रसिद्ध झाले, तेव्हा कंपनीने आरोप फेटाळले. आपण केवळ खरे व दर्जेदार चीझच वापरतो, असे तिने स्पष्ट केले. त्यानंतर केंद्र सरकारच्या भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानेही आपले चीझ खरे असल्याचे मान्य केले आहे, असेही कंपनीने जाहीर केले.

या वादाचे स्वरूप नीट समजून घेणे आवश्यक आहे. पदार्थ आरोग्यास अपायकारक आहे, असा आरोप येथे नव्हता. त्यात विषारी घटक सापडले, असेही कोणी म्हटले नव्हते. वाद होता तो नावाचा. चीझसदृश पदार्थ बनवणे, विकणे आणि खाद्यपदार्थात वापरणे भारतात बेकायदेशीर नाही. मात्र, त्याला 'चीझ' म्हणून विकता येत नाही. राज्य प्रशासनाचा आक्षेप आणि कंपनीचा प्रतिवाद हे दोन्ही या एकाच मुद्द्याभोवती फिरत होते.

कायदा काय सांगतो?

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ मध्ये संमत झाला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून त्याची पूर्ण अंमलबजावणी सुरू झाली. या कायद्यात 'असुरक्षित', 'कमी दर्जाचे' आणि 'मिथ्याछाप' अशा अन्नाच्या निरनिराळ्या वर्गवाऱ्या आहेत. मेनूकार्डाचा प्रश्न मुख्यतः तिसऱ्या वर्गात मोडतो. खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या दाव्यासह विकले जाणारे, तसेच दुसऱ्याच खाद्यपदार्थाचे नाव देऊन विकले जाणारे अन्न मिथ्याछाप ठरते. त्यासाठी ३ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी हीच मर्यादा १० लाख रुपये आहे.

म्हणजेच पदार्थ खाण्यास पूर्णपणे सुरक्षित असला, तरी केवळ नाव चुकीचे असल्यामुळे विक्रेता दोषी ठरू शकतो. कायद्याने नावाला स्वतंत्र महत्त्व दिले आहे ते यासाठी की, नाव हाच ग्राहक आणि विक्रेता यांच्यातील कराराचा गाभा असतो.

तथापि, नाव चुकीचे आहे असे म्हणण्यासाठी त्या नावाचा अर्थ आधी निश्चित असावा लागतो. दुग्धजन्य पदार्थांच्या बाबतीत तो निश्चित आहे. पनीरमध्ये ओलाव्याचे प्रमाण ६० टक्क्यांपेक्षा अधिक नसावे आणि कोरड्या घटकांत दुधाची स्निग्धता किमान ५० टक्के असावी, असे मानक आहे. कमी स्निग्धतेच्या पनीरसाठी वेगळे मानक आहे. आइस्क्रीममध्ये किमान १० टक्के दुधाची स्निग्धता अपेक्षित असते. दुधाच्या स्निग्धतेऐवजी वनस्पती तेल वापरले, तर तो पदार्थ 'फ्रोझन डेझर्ट' म्हणून विकावा लागतो. हे दोन शब्द ग्राहकांच्या मनात किती सहज मिसळतात, याचा प्रत्यय २०१७ मध्ये आला. 'आइस्क्रीम' आणि 'फ्रोझन डेझर्ट' यांतील फरक सांगणाऱ्या 'अमूल'च्या जाहिरातीवरून हिंदुस्तान युनिलिव्हरने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली होती.

ज्या पदार्थात दुधाच्या घटकांची जागा पूर्णतः किंवा अंशतः अन्य घटकांनी घेतली आहे आणि जो रंगरूपाने व चवीने दुग्धजन्य पदार्थासारखा वाटतो, त्याला नियमांत 'अ‍ॅनालॉग' असे म्हटले आहे. दुग्धजन्य पदार्थाचे नाव त्याला लावता येत नाही. मार्च २०२५ मध्ये श्रीगोंद्याचे आमदार विक्रम पाचपुते यांनी बनावट पनीरचा प्रश्न राज्याच्या विधानसभेत मांडला, तेव्हा हाच मुद्दा चर्चेत आला. पाकिटावर 'अ‍ॅनालॉग' असे छापलेला माल उपाहारगृहाच्या मागील दाराने आत येतो. पुढे तो मेनूकार्डावर 'पनीर' होऊन ग्राहकासमोर येत असेल, तर पाकिटावरील प्रामाणिक शब्दाचा ग्राहकाला काहीच उपयोग होत नाही.

केशर आणि केशरी

शब्दांच्या या व्यवहारात भाषेचाही मोठा वाटा आहे. मराठीत 'केशर पेढा' आणि 'केशरी पेढा' यांत एका वेलांटीचा फरक आहे. पहिल्या नावात केशराचे आश्वासन आहे, तर दुसरे नाव केवळ रंगाचे असू शकते. इंग्रजीत 'चीझ' आणि 'चीझी', 'बटर' आणि 'बटरी' या जोड्या तशाच आहेत. 'चीझी' हे विशेषण आहे. ते घटक सांगते की नुसती चव, हे संदिग्ध राहते. 'फ्लेवर्ड' किंवा 'स्टाइल' या शब्दांचेही तसेच. ग्राहकाला त्यातून घटकाचा बोध होतो आणि विक्रेत्याला मात्र आपण केवळ चवीविषयी बोललो, असे म्हणण्यास वाव राहतो.

ही संदिग्धता नवी नाही. वनस्पती तेलांवर प्रक्रिया करून बनवलेल्या घट्ट स्निग्ध पदार्थाला महाराष्ट्रात अनेक पिढ्या 'वनस्पती तूप' म्हणत आल्या. मूळ तुपाला मग 'साजूक' किंवा 'शुद्ध' असे विशेषण लावावे लागले. नकली वस्तूने नाव घेतले की अस्सल वस्तूला विशेषणाचा आधार घ्यावा लागतो. आज मेनूकार्डांवर 'अस्सल', 'पारंपरिक', 'ताजे', 'नैसर्गिक' या शब्दांची जी गर्दी दिसते, तिचे मूळ येथेच आहे.

या विशेषणांनाही आता नियमांचे बंधन आहे. खाद्यपदार्थांच्या जाहिराती व दावे यांविषयीचे विनियम २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १ जुलै २०१९ पासून लागू झाले. 'नैसर्गिक', 'ताजे', 'शुद्ध', 'मूळ', 'पारंपरिक', 'अस्सल' असे शब्द केव्हा वापरावेत, याच्या अटी त्यांत दिल्या आहेत. उदाहरणार्थ, 'ताजे' हा शब्द धुणे, सोलणे, कापणे, थंड करणे अशा मोजक्या क्रियांपलीकडे प्रक्रिया न झालेल्या पदार्थासाठीच योग्य मानला जातो. 'पारंपरिक' म्हणवणारी पाककृती पिढ्यान् पिढ्या मूळ स्वरूपात चालत आलेली असणे अपेक्षित आहे.

प्रत्येक आकर्षक नाव दिशाभूल करणारे असते, असे मात्र नाही. रूढ नावांचा अर्थ रूढीने ठरतो. मुंबईच्या उडुपी हॉटेलात 'म्हैसूर मसाला डोसा' मागवणाऱ्या ग्राहकाला तो डोसा म्हैसूरहून आलेला नाही, हे ठाऊक असते. आतून तिखट लाल चटणी लावलेला डोसा, असा त्या नावाचा अर्थ तो घेतो. 'मालवणी' किंवा 'सावजी' ही नावेही प्रामुख्याने पाकशैली सांगतात. सोलकढीतील 'नारळाचे दूध' हे गाईचे वा म्हशीचे दूध नाही, याविषयी कोणाचाही गैरसमज होत नाही. म्हणूनच दुग्धजन्य शब्दांच्या वापरावरील निर्बंधांतून अशा रूढ नावांना सूट आहे.

याउलट 'रत्नागिरी हापूस' या नावात स्थळाचे आश्वासन आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील हापूस आंब्याला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मेनूकार्डावर 'रत्नागिरी हापूसचा आमरस' असे लिहून अन्य प्रदेशातील आंबा वापरला, तर ती शैलीची बाब राहत नाही. तेथे ग्राहकाचीही फसवणूक होते आणि कोकणातील बागायतदाराचेही नुकसान होते.

म्हैसूरच्या प्रयोगशाळेत

नाव आणि पदार्थ यांचा मेळ तपासण्याचे काम अखेर प्रयोगशाळेत होते. म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था या क्षेत्रातील देशातील अग्रगण्य संस्थांपैकी एक आहे. 'सीएफटीआरआय' या नावाने ती ओळखली जाते. म्हैसूरच्या राजघराण्याच्या चेलुवांबा या प्रासादात २१ ऑक्टोबर १९५० रोजी तिचे कार्य सुरू झाले. म्हशीच्या दुधापासून लहान मुलांसाठी दूधभुकटी बनवण्याचे तंत्र विकसित करण्यात या संस्थेचा मोठा वाटा होता. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ अन्वये देशात चार केंद्रीय अन्न प्रयोगशाळा कार्यरत होत्या. कोलकाता, गाझियाबाद आणि पुणे यांच्याबरोबर चौथे नाव म्हैसूरचे होते. आजच्या कायद्यातही ही संस्था संदर्भ प्रयोगशाळा म्हणून काम करते.

संदर्भ प्रयोगशाळेची भूमिका अपिलाची असते. अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतो, तेव्हा त्याचे चार भाग केले जातात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो आणि त्याने १४ दिवसांत अहवाल देणे अपेक्षित असते. हा अहवाल विक्रेत्याला मान्य नसेल, तर त्याला ३० दिवसांत पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे अपील करता येते. त्यानंतर राखून ठेवलेला भाग संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवला जाऊ शकतो आणि तिचा अहवाल अंतिम मानला जातो.

चीझ किंवा पनीर दुधाचे आहे की वनस्पती तेलाचे, हे प्रयोगशाळेला कसे कळते? दिसण्यावरून किंवा चवीवरून ते सांगणे तज्ज्ञालाही अवघड असते. परंतु स्निग्ध पदार्थांची रासायनिक ओळख लपत नाही. दुधाच्या स्निग्धतेत ब्युटिरिक आम्लासारखी लहान साखळीची मेदाम्ले असतात. खाद्य वनस्पती तेलांत ती आढळत नाहीत. दुधाच्या स्निग्धतेत कोलेस्टेरॉल असते, तर वनस्पती तेलांत त्याच्या जागी बीटा-सिटोस्टेरॉल हा घटक असतो. वायुवर्णलेखन या तंत्राने हे घटक वेगळे करून मोजता येतात. दुधाच्या म्हणून विकलेल्या चीझमध्ये बीटा-सिटोस्टेरॉल मिळाले, तर त्यात वनस्पती तेल आहे, असा निष्कर्ष काढता येतो.

ही उपकरणे सर्वत्र उपलब्ध नव्हती, त्या काळात कायद्याने एक साधा उपाय योजला होता. वनस्पती तूप बनवताना त्यात किमान ५ टक्के तिळाचे तेल मिसळण्याचे बंधन कारखानदारांवर अनेक दशके होते. तिळाच्या तेलावर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल यांची क्रिया झाली की गुलाबी-लाल रंग येतो. त्यामुळे साजूक तुपात वनस्पती तूप मिसळलेले असेल, तर साध्या परीक्षानळीतही ते उघड होत असे.

घरी करता येणारी आयोडीनची चाचणी अलीकडे लोकप्रिय झाली आहे. पनीरवर आयोडीनचे थेंब टाकल्यावर निळा-काळा रंग आला, तर त्यात पिष्टमय पदार्थ आहे, असे समजते. परंतु या चाचणीने केवळ पिष्ट कळते, वनस्पती तेल कळत नाही. रंग बदलला नाही म्हणजे पनीर दुधाचेच आहे, असा अर्थ काढणे योग्य ठरणार नाही.

उपाहारगृहातील तयार पदार्थाची तपासणी आणखी कठीण असते. 'पनीर बटर मसाला' या भाजीत फोडणीचे तेल, काजू आणि मसाले असतात. त्यांतही वनस्पतिजन्य स्निग्धता असते. त्यामुळे ताटातील भाजीपेक्षा शीतपेटीतील कच्च्या मालाचा नमुना आणि तो माल ज्या नावाने खरेदी केला त्याची बिले अधिक विश्वासार्ह पुरावा ठरतात.

प्रयोगशाळेच्या मर्यादा

काही शब्दांची सत्यता प्रयोगशाळेला सांगताच येत नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे मॅगी नूडल्सचे प्रकरण. हा पाकिटबंद पदार्थ होता, परंतु त्यातून मिळालेला धडा मेनूकार्डालाही लागू पडतो.

जून २०१५ मध्ये केंद्रीय प्राधिकरणाने मॅगीच्या विक्रीवर बंदी घातली. शिशाच्या प्रमाणाबरोबरच पाकिटावरील 'एमएसजी मिसळलेले नाही' हा दावा दिशाभूल करणारा असल्याचे कारण त्यात होते. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द ठरवली. त्याच सुमारास केंद्र सरकारने राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे नेस्ले कंपनीविरुद्ध सुमारे ६४० कोटी रुपयांच्या भरपाईची तक्रार दाखल केली. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणातील नमुने म्हैसूरच्या प्रयोगशाळेत तपासण्याचा आदेश दिला. शिशाचे प्रमाण मर्यादेत असल्याचे तेथील अहवालात आढळले. एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रीय आयोगाने सरकारची तक्रार फेटाळली.

एमएसजीचा प्रश्न मात्र अधिक गुंतागुंतीचा होता. पदार्थात ग्लुटामेट किती आहे, हे प्रयोगशाळा सांगू शकते. परंतु ते गव्हाच्या पिठातून, कांद्यातून किंवा शेंगदाण्याच्या प्रथिनातून नैसर्गिकरीत्या आले की कारखान्यात वेगळे मिसळले, हे सांगू शकत नाही. ३१ मार्च २०१६ रोजी केंद्रीय प्राधिकरणाने हीच मर्यादा स्पष्ट केली. असा दावा तपासायचा असेल, तर उत्पादनस्थळाची पाहणी करून कच्चा माल तपासावा, असे अधिकाऱ्यांना सांगण्यात आले.

मेनूकार्डावरील 'गावरान कोंबडी', 'चुलीवरचे मटण', 'हाताने थापलेली भाकरी', 'आजच बनवलेले' हे शब्द याच प्रकारचे आहेत. कोणतेही यंत्र चुलीची साक्ष देऊ शकत नाही. अशा शब्दांची सत्यता खरेदीची बिले, स्वयंपाकघराची पाहणी आणि कर्मचाऱ्यांचे जबाब यांवरूनच ठरू शकते. त्यामुळे येथे प्रयोगशाळेपेक्षा प्रशासनाच्या मनुष्यबळाला अधिक महत्त्व येते.

श्रद्धा, पथ्य आणि जोखीम

मेनूकार्डावरील चुकीच्या शब्दाने ग्राहकाचे नुकसान होते ते केवळ पैशांचे नसते. २००१ मध्ये अमेरिकेत मॅकडॉनल्ड्सविरुद्ध दाखल झालेला दावा या संदर्भात आठवतो. बटाट्याचे फ्राइज वनस्पती तेलात तळले जातात, असे कंपनीने १९९० मध्ये जाहीर केले होते. मात्र, अमेरिकेतील फ्राइजमध्ये गोमांसापासून बनवलेला स्वादघटक वापरला जात होता आणि 'नैसर्गिक स्वाद' एवढाच त्याचा उल्लेख होत असे. हिंदू आणि शाकाहारी ग्राहकांनी न्यायालयात धाव घेतली. कंपनीने क्षमा मागितली आणि २००२ मध्ये शाकाहारी, हिंदू, शीख आदी गटांच्या संस्थांना सुमारे १ कोटी डॉलर देण्याचे मान्य करून तडजोड केली. भारतात असा घटक वापरला जात नाही, असा खुलासा कंपनीने केला होता. तरीही मे २००१ मध्ये संतप्त जमावाने ठाण्यातील उपाहारगृहाची मोडतोड केली.

वाक्यातील प्रत्येक शब्द खरा असूनही एकूण चित्र चुकीचे उभे राहू शकते, हे या प्रकरणातून दिसले. तेल वनस्पतीचेच होते, परंतु फ्राइज शाकाहारी नव्हते. भारतात पाकिटबंद पदार्थांवर मांसाहाराची खूण बंधनकारक झाली ती २००१ मध्येच. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये आणखी एक पाऊल पुढे टाकले. घटकाचे प्रमाण कितीही अल्प असले, तरी तो वनस्पतिजन्य आहे की प्राणिजन्य, हे जाहीर केलेच पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले.

पथ्याच्या बाबतीत धोका अधिक गंभीर असतो. शेंगदाणा, सोयाबीन किंवा दूध यांची अ‍ॅलर्जी असलेल्या व्यक्तीला एखाद्या न सांगितलेल्या घटकामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागू शकते. मधुमेही ग्राहक 'साखरविरहित' या शब्दावर विसंबून राहतो. त्याच्यासाठी मेनूकार्ड हे जवळजवळ औषधाच्या वेष्टनाइतकेच महत्त्वाचे असते.

साखळी उपाहारगृहांसाठी वेगळे नियम

या पार्श्वभूमीवर, मेनूकार्डावर काय छापावे याविषयीचे बंधन १ जुलै २०२२ पासून लागू झाले. केंद्रीय परवाना असलेल्या किंवा १० अथवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना मेनूकार्डावर किंवा फलकावर प्रत्येक पदार्थासमोर त्याचे परिमाण आणि त्यातील उष्मांक लिहावे लागतात. सर्वसाधारण सक्रिय प्रौढ व्यक्तीला दररोज २,००० किलोकॅलरी ऊर्जेची गरज असते, हा संदर्भही द्यावा लागतो. अ‍ॅलर्जी निर्माण करणाऱ्या घटकांची माहिती, तसेच शाकाहार-मांसाहाराची खूण देणेही आवश्यक आहे. ग्राहकाने विचारल्यास घटकांचा व पोषणमूल्यांचा तपशील उपलब्ध करून द्यावा लागतो. घरपोच सेवा देणाऱ्या संकेतस्थळांवरही ही माहिती असणे अपेक्षित आहे.

न्यूयॉर्क शहराने साखळी उपाहारगृहांना उष्मांक छापण्याची सक्ती २००८ मध्ये केली. संपूर्ण अमेरिकेत २० किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांसाठी हा नियम मे २०१८ पासून लागू झाला. भारताने ही मर्यादा १० शाखांवर आणली, हे उल्लेखनीय आहे.

साखळी उपाहारगृहांकडून अधिक अपेक्षा ठेवण्यामागे कारण आहे. त्यांचा कच्चा माल मध्यवर्ती व्यवस्थेतून येतो, पाककृती ठरलेली असते आणि एकच मेनूकार्ड शेकडो ठिकाणी वापरले जाते. त्यामुळे अचूक माहिती देणे त्यांना तुलनेने सोपे असते. उलटपक्षी, त्यांच्या मेनूकार्डावरील एक चुकीचा शब्द एकाच दिवशी असंख्य ग्राहकांपर्यंत पोहोचतो. गल्लीतील एकट्या हॉटेलाला उष्मांक छापण्याची सक्ती नाही. परंतु दुसऱ्या पदार्थाचे नाव न वापरण्याचे बंधन मात्र त्यालाही तितकेच लागू आहे.

ग्राहकाने काय करावे?

संशय आल्यास ग्राहक पुढील मार्ग अवलंबू शकतो.

पहिला मार्ग म्हणजे विचारणा. 'यात पनीर वापरले आहे की अ‍ॅनालॉग?', 'हे आइस्क्रीम आहे की फ्रोझन डेझर्ट?' असे प्रश्न विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. प्रश्न नेमका असेल, तर उत्तरही नेमके द्यावे लागते.

दुसरे म्हणजे पुरावा जपणे. मेनूकार्डाचे किंवा फलकाचे छायाचित्र, पदार्थाचे नाव असलेले बिल आणि उपाहारगृहात लावलेला १४ अंकी परवाना क्रमांक या तीन गोष्टी तक्रारीसाठी पुरेशा ठरतात. मेनूकार्ड नंतर बदलले जाऊ शकते. त्यामुळे त्याच दिवशी घेतलेले छायाचित्र महत्त्वाचे असते.

तिसरा मार्ग तक्रारीचा. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे तक्रार करता येते. केंद्रीय प्राधिकरणाच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' या सुविधेतूनही ती नोंदवता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आर्थिक नुकसानभरपाई हवी असल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच अपराध केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे.

चौथा मार्ग फारसा परिचित नाही. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार सामान्य ग्राहकालाही विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. मात्र, आपण तो तपासणीसाठी नेत आहोत, याची कल्पना खरेदी करतानाच विक्रेत्याला द्यावी लागते. पदार्थात कायद्याचा भंग आढळल्यास भरलेले शुल्क परत मिळण्याची तरतूद आहे.

नाव बदलले, पुढे काय?

अहमदनगरच्या प्रकरणानंतर काही पदार्थांच्या नावांतून 'चीझ' हा शब्द वगळला गेला. कायद्याच्या दृष्टीने आक्षेपाचे कारण त्यामुळे दूर होते. परंतु 'अमेरिकन व्हेज बर्गर' या नव्या नावावरून ग्राहकाला त्यातील घटकांविषयी आधीपेक्षा अधिक काही कळते का, हा प्रश्न उरतोच. चुकीचा शब्द काढून टाकणे आणि योग्य माहिती देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट दंडाच्या भीतीने साध्य होते. दुसरी साध्य होण्यासाठी ग्राहकाला विचारण्याची सवय आणि विक्रेत्याला सांगण्याची सवय लागावी लागते.

पाकीट हाती घेऊन त्यावरील बारीक अक्षरे वाचणारे ग्राहक गेल्या दोन दशकांत वाढले आहेत. उपाहारगृहातील ताटाला असे पाकीट नसते. त्याचे सर्व काम मेनूकार्डावरील दोन-तीन शब्दांना करावे लागते. म्हैसूरची प्रयोगशाळा त्यांतील काही शब्दांची परीक्षा घेऊ शकते. उरलेल्या शब्दांची परीक्षा टेबलाशी बसलेल्या ग्राहकाच्या एका साध्या प्रश्नापासून सुरू होते.